मुलाला घेऊन सुट्टीला जायचे, तर दिवस कुणी सांभाळायचा?

फेब्रुवारी संपत आला की माझ्याकडे येणाऱ्या तरुण आईवडिलांच्या बोलण्यात एक विषय हमखास निघतो: लहान मूल घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठे जायचे, किती दिवस जायचे आणि मुळात जायचे की नाही. हा प्रश्न एखाद्या सहल कंपनीच्या कचेरीत सुटावा असा वाटतो, त्यामुळे तो समुपदेशकापुढे मांडताना लोक थोडे ओशाळतातही. पुण्यातल्या ज्या जोडप्याविषयी मी इथे लिहीत आहे, त्यांनी वेळ घेतली होती ती मुलाच्या ‘हट्टीपणा’साठी, सुट्टीचा विषय बोलता बोलता निघाला आणि मग बाकी सगळे मागे पडले. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा सव्वातीन वर्षांचा. आई आणि वडील दोघेही नोकरी करणारे, वडिलांची आई त्यांच्याच घरी राहणारी. मित्रांच्या दोन कुटुंबांबरोबर मे महिन्यात सिमला-मनालीला जावे असे वडिलांच्या मनात होते. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी खुले होते, पूर्वी ते 120 दिवस आधी होत असे. त्यामुळे निर्णय लगेच हवा होता आणि घरात रोज त्यावरून वाजत होते. आईचे म्हणणे एका वाक्याचे होते: “तुम्ही जा, मी त्याला घेऊन घरी राहते.” हे वाक्य त्या शांतपणे म्हणाल्या, पण ते औदार्याचे नव्हते हे त्यांच्या यजमानांनाही कळत होते.

त्यामागे आदल्या वर्षीची महाबळेश्वरची सहल होती. तिथे मुलाने तिन्ही दिवस रडून काढले, जेवला नाही, वेण्णा तलावावर बोटीत बसायला नकार देऊन रांगेतच अंग टाकून दिले, आणि आईच्या शब्दांत सांगायचे तर, “सगळ्यांसमोर माझीच शोभा झाली.” वडिलांना वाटत होते की तेव्हा तो लहान होता, आता मोठा झाला आहे. आजींचे मत वेगळेच होते, आणि ते दोघांनीही मला सांगितले: एवढ्याशा पोराच्या लक्षात काय राहणार आहे? कशाला त्याची आणि आपली दगदग?

आजींच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीच्या घटना मोठेपणी बहुतेकांना आठवत नाहीत, हे मानसशास्त्रात चांगले प्रस्थापित झालेले निरीक्षण आहे. परंतु मोठेपणी न आठवणे आणि आता काहीच न उरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन वर्षांचे मूल काही महिन्यांपूर्वीचा प्रसंग नीट सांगू शकते, आणि घरात त्याविषयी बोलणे होत राहिले तर तो अधिक काळ टिकतो. शिवाय सुट्टीचा हिशेब केवळ मुलाच्या आठवणीवर करायचा असेल, तर त्याला रोज संध्याकाळी बागेत नेण्याचेही कारण उरत नाही.

पहिल्या भेटीत ठिकाणाविषयी चर्चा करायची नाही असे मी ठरवले. दोघांना वेगवेगळे कागद दिले आणि महाबळेश्वरच्या दुसऱ्या दिवसाचा, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा, तासातासाचा वृत्तान्त लिहायला सांगितले. मुलगा त्या वेळी काय करत होता आणि त्याच्याजवळ कोण होते, एवढेच. वडिलांच्या कागदावर ‘सकाळी पॉइंट, मग घोडा, दुपारी जेवण, बोटिंग, मार्केट’ असे लिहिले होते. आईचा कागद पाठपोट भरला होता. सहाला उठून गरम पाण्यासाठी खाली फोन, नाश्त्याला पोहे तिखट म्हणून बिस्किटे, गाडीत उलटी, स्वच्छतागृह शोधत बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरी, दुपारी झोपेची वेळ झाली तेव्हा उपाहारगृहात जागा मिळण्याची वाट पाहणे, मऊ भात सांगितला तर जिरा राइस येणे, रात्री ओले कपडे खुर्चीच्या पाठीवर वाळत घालणे. ‘जवळ कोण’ या रकान्यात एकच शब्द खालपर्यंत उतरला होता: मी, मी, मी.

त्याच कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी बारीक अक्षरात लिहिले होते, ‘शी नाही, दुसरा दिवस.’ मी त्यावर थांबलो. विचारल्यावर कळले की हॉटेलच्या स्वच्छतागृहात फ्लशचा आवाज मोठा होता, पहिल्याच सकाळी तो त्याला घाबरला आणि नंतर घरी परत येईपर्यंत त्याने शी धरून ठेवली. वडिलांना हे ठाऊकच नव्हते. या वयात मुले परक्या जागी शौचाला बसायला नाखूश असतात हे अगदी नेहमीचे आहे, पण धरून ठेवल्याने मळ कडक होतो, मग दुखते, दुखते म्हणून ते आणखी धरून ठेवतात, पोट फुगल्याने खात नाहीत आणि अखेरीस कशावरूनही रडतात. म्हणजे ज्याला घरात वर्षभर हट्ट म्हटले गेले, त्यातला बराचसा भाग पोटाचा होता. त्यांच्या बालरोगतज्ज्ञांना हे सांगण्याची सूचना मी केली, कारण औषध द्यायचे की आहारात काय बदलायचे हे ठरवणे माझे काम नव्हे.

वडील यावर काही काळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “मग हे मला सांगितलं का नाही?” आणि त्या म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, होईल गं.” माझ्या मते त्यांच्या भांडणाचे मूळ इथे होते. मनालीला जायचे की नाही हा वाद खरा नव्हताच. सहलीला गेल्यावर मुलाचा दिवस कुणाच्या हातात असणार, हे न ठरवता ठिकाण ठरवले जात होते, आणि आईला त्याचे उत्तर अनुभवाने ठाऊक होते.

आता त्याच नजरेने मनालीचा बेत पाहू. पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, हे आपण फायद्याचे म्हणून सांगतो. पण तिकीट नाही म्हणजे बर्थही नाही. पूर्ण भाडे भरले तरच त्याला स्वतंत्र बर्थ मिळतो. एका रात्रीहून अधिकच्या प्रवासात हे मूल कुणाच्या बर्थवर झोपणार आणि त्यामुळे कोण जागे राहणार, हा प्रश्न तिकीट काढणाऱ्याने स्वतःला विचारलेला नसतो. पुढे चंदीगडहून मनालीचा घाटरस्ता बऱ्याच तासांचा. मनालीहून बर्फ पाहायला जातात ती रोहतांग खिंड सुमारे 3,980 मीटर उंचीवर आहे आणि मनाली त्याच्या साधारण निम्म्या उंचीवर. काही तासांत एवढे वर चढल्यावर विरळ हवेचा त्रास मोठ्यांनाही होऊ शकतो, पण मोठा माणूस डोके दुखते आहे असे सांगतो. तीन वर्षांचे मूल चिडचिड करते, खात नाही, झोपत नाही, आणि ते दमण्याचे आहे की उंचीचे हे ओळखणे अवघड जाते. त्यात गटाने केलेल्या सहलीची शिस्त असते, सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस. हिमाचलला लहान मुले जातात आणि आनंदाने परतही येतात. पण जी आई आदल्या वर्षीच्या तीन दिवसांनी दमली होती, तिच्यासाठी आठ दिवसांचा असा कार्यक्रम म्हणजे तोच कागद आणखी लांबवणे होते.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना उलट्या क्रमाने नियोजन करायला लावले. आधी मुलाचा घरचा दिवस लिहिला: सातला उठणे, साडेबाराला वरणभात, एक ते तीन झोप, रात्री नऊच्या आत अंथरूण. मग या दिवसाला फारसा धक्का न लावता कुठे जाता येईल ते शोधायचे. सगळ्या रात्री एकाच ठिकाणी मुक्काम, खोलीबाहेर अंगण किंवा पडवी, सांगितले तर मऊ भात देणारे घरगुती स्वयंपाकघर, पुण्याहून गाडीने एका दिवसात पोहोचता येईल असे अंतर. कोकणातल्या दापोली तालुक्यातल्या किनाऱ्याचे नाव वडिलांनीच काढले. त्यात त्यांची थोडी नाराजी होती आणि ती त्यांनी लपवली नाही. मलाही ती रास्त वाटली, कारण वर्षभर राबलेल्या माणसाला बर्फ पाहावासा वाटणे हा काही गुन्हा नाही. मुलगा पाच-सहा वर्षांचा झाल्यावर हिमाचल, हे त्याच वेळी लेखी ठरले.

ठिकाणापेक्षा जास्त वेळ पाळ्या ठरवण्यात गेला. सकाळी उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत मुलगा वडिलांकडे. शी, अंघोळ, नाश्ता यांसह. त्यानंतर आईकडे. पाच दिवसांत प्रत्येकाला अर्धा दिवस पूर्ण मोकळा, त्यात झोपायचे की फिरायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. ही पाळी सहलीतच पहिल्यांदा करून पाहिली तर ती टिकत नाही, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. म्हणून निघण्याआधी दर रविवारी घरी तिचा सराव करायचा होता. पहिल्या रविवारी मुलगा बाबांकडून शर्ट घालून घ्यायला तयार नव्हता, आजी आतून म्हणाल्या, “राहू दे रे, तिला दे, तुला जमायचं नाही,” आणि आई सवयीने उठल्याही. बाहेरच्या खोलीत बसून राहणे हा त्यांच्या वाट्याचा सराव होता, आणि तो वडिलांच्या सरावापेक्षा कठीण होता असे त्यांनी नंतर मला सांगितले.

आजींचाही एक मुद्दा मी इथे नोंदवतो, कारण तो टाळण्यासारखा नाही. त्या एकदा सोबत आल्या होत्या आणि म्हणाल्या, “आमच्या वेळी मुलं महिनाभर आजोळी राहायची. कुणी कागदावर नियोजन केलं होतं?” केले नव्हते, हे खरेच आहे. पण त्या आजोळात दोन मावश्या, एक मामी, शेजारची मोठी मुले आणि दिवसभर उघडे दार असे; मूल कुणाच्या तरी नजरेखाली असायचे आणि आई दुपारी डोळे मिटू शकायची. हॉटेलच्या खोलीत ही सगळी माणसे नसतात, उरतात फक्त दोघे, आणि त्यातला एक फोटो काढत असतो. मी हे म्हटल्यावर त्या हसल्या, आणि आपणही सहलीला येणार असल्याचे त्यांनी तिथेच जाहीर केले. दुपारच्या झोपेची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली.

मुलाची तयारी त्या मानाने सोपी होती. तीन वर्षांच्या मुलाला तारीख कळत नाही, ‘अचानक आनंद’ही फारसा मानवत नाही, आपण कुठे झोपणार, तिथे कोण असणार, घरी परत कधी येणार, एवढे त्याला आधी सांगावे. त्यांनी भिंतीवर चौकोन आखले आणि रोज रात्री एक खोडला. शौचासाठी घरचीच छोटी सीट बरोबर घेतली, फ्लश तो बाहेर गेल्यावरच करायचा असे ठरले, आणि आजीच्या जुन्या सुती साडीची गोधडी, जिची एक किनार तो चोखत झोपतो, ती न धुता पिशवीत गेली. न धुता यावर आईचा आक्षेप होता. पण वास हीच त्या वयाची ओळखीची खूण असते, म्हणून मी आग्रह धरला.

प्रवासाविषयी दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, मुलाला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसायचे नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 14 वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा आसनाशिवाय नेल्यास 1,000 रुपये दंड आहे, पण दंडाचे सोडा, अचानक ब्रेक लागल्यावर मांडीतले मूल कुणाच्याही हातांना धरून ठेवता येत नाही. दुसरी, ताम्हिणी घाटाच्या वळणांआधी पोटभर खाऊ घालायचे नाही, हातात मोबाइल द्यायचा नाही, समोर दूरवर पाहायला लावायचे आणि थांबत जायचे. गाडी लागण्याचे औषध हवेच असेल तर मात्रा डॉक्टरांना विचारून.

सहल कशी झाली हे त्यांनी जूनमध्ये येऊन सांगितले. ताम्हिणीत उलटी झालीच. पहिल्या रात्री तो अकरापर्यंत जागा राहिला, दुसऱ्या दिवशी घामोळ्यांनी किरकिरला, आणि दमट उकाड्यामुळे अकरा ते चार खोलीत राहण्याचा नियम वडिलांना दोन दिवस जड गेला. तिसऱ्या संध्याकाळी हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव पाहताना तो बाबांच्या खांद्यावर होता, आणि घरी आल्यापासून रोज चमचे मांडून लिलाव करतो. शौचाचा प्रश्न दुसऱ्याच सकाळी सुटला, तोही वडिलांच्या पाळीत, आणि ही बातमी त्यांनी आईला किनाऱ्यावर फोन करून दिली. आईने आपल्या मोकळ्या अर्ध्या दिवसात काय केले असे विचारले, तर त्या म्हणाल्या, “झोपले.” अजून एक पाळी मात्र त्यांच्याकडून सुटली होती: कपडे वाळवणे पाचही दिवस त्यांच्याकडेच राहिले. ते पुढच्या भेटीसाठी ठेवले.

हे वाचून आपल्याही मुलाचे रडणे पोटामुळेच असेल असे कुणी धरून चालू नये. काही मुलांना नवी जागा, आवाज, गर्दी, अंगाला लागणारे वेगळे कापड सहलीतच नव्हे तर रोजच्या दिवसातही असह्य होते. नाव घेऊन हाक मारली तरी ती वळून पाहत नाहीत, किंवा वयाच्या मानाने बोलणे मागे असते. असे दिसत असेल तर सहलीचा बेत थोडा बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांकडे विकासाची तपासणी करून घ्यावी. जिल्हा रुग्णालयांशी जोडलेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांमध्ये ही तपासणी सरकारी योजनेतून होते, आणि त्यासाठी मूल शाळेत जाईपर्यंत थांबण्याची गरज नसते.