बाबांच्या वर्षश्राद्धाचे पैसे अभ्यास करणाऱ्या संस्थेला द्यावेत का?

दादा, तुमचा प्रश्न सगळ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, वडील शिक्षक होते, थोडी कोरडवाहू शेती. वर्षश्राद्धाला गावजेवण न घालता 51,000 रुपये शेतीच्या धोरणावर संशोधन करणाऱ्या एखाद्या विनानफा संस्थेला द्यावेत असं तुमच्या मनात आहे. धाकटा भाऊ म्हणतो, "कागद काळे करणाऱ्यांना कायले देता? देवळाच्या सभामंडपाले द्या, पाटी तरी लागंल." शिवाय टॅक्समध्ये किती सुटतील हेही विचारलंय. मी वर्धा जिल्ह्यातला. एका छोट्या ट्रस्टचं खजिनदारपद बरीच वर्षं सांभाळलं आणि अभ्यास करणाऱ्या दोन-तीन संस्थांना दरवर्षी झेपेल तेवढं देतो, त्या जोरावर लिहितोय.

भावाला लगेच अडाणी ठरवू नका. सभामंडप डोळ्यांना दिसतो, पावसात लग्नाचं वऱ्हाड त्यात बसतं. अभ्यासाला दिलेला पैसा कुठं उगवेल, कधी उगवेल, उगवेल की नाही, हे देताना कुणालाच सांगता येत नाही. पण उगवतो तेव्हा कसा उगवतो, ते आपल्याच भागात पाहा.

आपल्याकडे कुठल्याही सभेत 'अनुशेष' (विकासात राहून गेलेली तूट) हा शब्द आल्याशिवाय भाषण संपत नाही. विदर्भ मागं राहिला हे लोक आधीपासून ओरडतच होते, पण किती मागं, कशात मागं, याचा रीतसर हिशोब दांडेकर समितीनं मांडला. 1983 साली नेमलेल्या त्या समितीनं रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, गावांची वीज असं एकेक क्षेत्र धरून राज्यातल्या जिल्ह्यांची तुलना केली आणि 3,186 कोटींचा आकडा पुढं ठेवला. समितीचे अध्यक्ष वि. म. दांडेकर हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत घडलेले, पुढं तिचे संचालक झालेले. ती संस्था 1930 साली उभी राहिली ती रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीवर. काळ्यांच्याच नावाच्या व्याख्यानमालेत 1939 साली डॉ. आंबेडकरांनी संघराज्याच्या प्रश्नावर भाषण केलं होतं. काळ्यांनी पैसे दिले तेव्हा ना विदर्भ महाराष्ट्रात होता, ना महाराष्ट्र होता. अर्ध्या शतकानंतर आपल्या आमदारांच्या तोंडी जो आकडा आला, त्याच्या मुळाशी ती देणगीसुद्धा आहे. आकडा मिळून अनुशेष भरला का, हा वेगळा विषय, त्यावर या मंचावर शंभर चर्चा झाल्यात.

दुसरं उदाहरण भावाला सांगा, ते त्याला जास्त पटेल. घरात बाळ झालं की आशाताई तिसऱ्या दिवशी येते, सातव्या दिवशी येते, पुन्हा चौदाव्या दिवशी. वजन करते, अंग गरम की गार बघते, दूध ओढतं का विचारते. हे मूळ दिल्लीत कुणाला सुचलेलं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं 39 गावांत शिकवून तयार केलेल्या गावातल्याच बायांकडून हे काम करून घेतलं. तशी सोय नसलेली 47 गावं तुलनेला धरली, दोन्हीकडचा जन्म न् जन्म, मृत्यू न् मृत्यू नोंदवला. 1999 साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नवजात बालकांचे मृत्यू 60 टक्क्यांहून जास्त घटले होते. 2011 पासून ते देशभरच्या आशांच्या कामात आलं. नुसती सेवा केली असती तर फक्त त्या 39 गावांतलीच बाळं वाचली असती. मोजून, लिहून, तुलना करून ठेवलं म्हणून ते देशाचं धोरण झालं. मोजण्या-लिहिण्याला पैसा लागतो, आणि नेमका तोच द्यायला कुणी तयार नसतो. औषधाला देतील, वह्या-पेनाला देतील, पण नोंदी ठेवणाऱ्या पोराच्या पगाराला म्हटलं की हात खिशातच राहतो.

आता टॅक्स. हे झटपट आटोपतो, कारण बहुतेकांचा इथं हिरमोड होतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणजे निव्वळ कास्तकाराला 80जी चा (देणगीवर आयकरात वजावट देणाऱ्या कलमाचा) काडीचा फायदा नाही. तुम्ही नोकरीत आहात, पण नवी करप्रणाली घेतली असेल तर तुम्हालाही नाही, तिथं ही वजावट मिळतच नाही. जुनी प्रणाली असेल तर अशा बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. 51,000 चे 25,500 धरले आणि तुम्ही वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर सेससकट 5,304 रुपये वाचतात. समाजशास्त्रीय संशोधनासाठी खास मान्यता असलेल्या मोजक्या संस्थांना दिलं तर 80जीजीए खाली पूर्ण रक्कम वजा होते, पण तेही जुन्या प्रणालीतच, आणि धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला ते कलम चालत नाही. 2,000 च्या वर रोख दिली तर वजावट विसरा. तुरीचं पोतं दिलं तरी विसरा, वस्तूला 80जी नाही. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे नंबर बदललेत. तेव्हा पावतीवर वेगळा नंबर दिसला तर घाबरू नका, सीएला विचारा.

आणि कुणी म्हणालं की चेकनं द्या, कमिशन कापून बाकीचे रोख परत देतो, तर चहासुद्धा न घेता उठा. हा धंदा तालुक्याच्या गावापर्यंत पोचलाय.

कागदपत्रं तपासणं फार अवघड नाही. 12ए (संस्थेच्या स्वतःच्या करमाफीची) आणि 80जी ची नोंदणी चालू आहे का ते आयकर खात्याच्या संकेतस्थळावर दिसतं. संस्था महाराष्ट्रातली सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तिचे हिशोब जातात, विश्वस्तांची नावं तिथं सापडतात. ऑडिट झालेला ताळेबंद मागा. चांगली संस्था दोन दिवसांत मेलवर पाठवते. "ऑफिसला या, दाखवतो" म्हणणारी सहसा दाखवत नाही.

पण कागद नीट असले म्हणजे अभ्यास नीट असतो असं नाही. माझा आग्रह एकच आहे: देण्याआधी त्या संस्थेचा एक तरी अहवाल पूर्ण वाचा. तुम्ही कापूस-तुरीच्या घरातले आहात, पुण्या-दिल्लीच्या प्राध्यापकाला दिसणार नाही ते तुम्हाला दिसेल. सुरुवातीची गुळगुळीत पानं सोडा, मागं जोडलेली प्रश्नावली काढा. तिथंच खरी परीक्षा असते.

कर्जाचंच घ्या. "सावकाराकडून कर्ज घेतलं का?" असं विचारलं तर आपल्या गावात दहातले नऊ जण नाही म्हणतील आणि दहावा उठून जाईल. तेच "कृषी केंद्रातून बियाणं-खत उधारीवर आणलं का, चुकाऱ्यातून, म्हणजे माल विकल्याच्या पैशातून, किती कापून घेतले?" असं विचारलं की माणूस सगळं सांगतो, वर व्यापाऱ्याला दोन शिव्याही देतो. दोन्ही अहवालांत 'खासगी कर्ज' याच नावाचा तक्ता येईल, पण एकातला आकडा कचरा असेल.

आमच्या ओट्यावर एक पोरगी टॅब घेऊन बसली होती, शेतमजुरीची पाहणी करत. काकूला विचारलं, रोज किती मिळतो? काकू म्हणाली, "कायचा रोज? निंदणाले रोज असते, वेचणी किलोवर असते बाप्पा." टॅबवर किलोचा रकानाच नव्हता. पोरीनं तिथल्या तिथं फोन लावला, वरच्या माणसाला सांगितलं, आणि तोवर वहीत वेगळं लिहून घेतलं: कापसाच्या पहिल्या वेच्याला काय भाव, शेवटच्या फरदडीला (हंगामानंतरच्या कापसाला) काय, दिवसभरात किती किलो होतो. अहवाल आला तेव्हा वेचणीचा तक्ता निराळा होता. त्या वर्षापासून मी त्या संस्थेला देतो. उलट एका मोठ्या नावाच्या संस्थेच्या अहवालात अख्खा जिल्हा 'सिंचित' आणि 'असिंचित' अशा दोन खणांत बसवलेला पाहिला. ज्याच्या विहिरीला दिवाळीपर्यंतच पाणी पुरतं तो कोणत्या खणात, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना मी एक रुपया दिला नाही.

पैसा कुणाचा, तेही वाचा. बियाणं कंपनीच्या पैशानं बियाण्यावर अभ्यास झाला असेल तर तो लगेच खोटा ठरत नाही, पण तसं पहिल्या पानांत स्पष्ट लिहिलेलं हवं. आणि हाच नियम आपल्यालाही लागू आहे. तुम्ही दिलेत म्हणून "कापसाच्या हमीभावाच्या बाजूनं लिहा" असं म्हणता येणार नाही. उद्या त्यांच्या आकड्यांतून तुमच्या मताविरुद्ध काही निघालं तर ते गिळायची तयारी ठेवा. नसेल तर मग सभामंडपच बरा, तिथं मतभेदाला जागा कमी.

रक्कम कशी द्यावी यावर माझं मत ठाम आहे. एकरकमी 51,000 दिलेत तर संस्था विचारेल, कायम निधीत टाकू का? ऐकायला छान वाटतं, मुद्दल राहतं, वडिलांचं नाव राहतं. पण बँकेचं सात टक्के व्याज धरलं तरी वर्षाला साडेतीन हजार येतात. त्यात काय होणार? त्यापेक्षा पाच वर्षं दरसाल दहा-दहा हजार सर्वसाधारण निधीला द्या, काही अट न घालता. अशा संस्थांचा बहुतेक पैसा प्रकल्पाचा असतो. प्रकल्प संपला की पाहणी करणारी पोरं घरी जातात आणि पुढचा प्रकल्प वेगळ्याच विषयावर येतो. मग पाच वर्षांनी त्याच गावांत परत जाऊन काय बदललं ते बघायला कुणाकडे पैसा नसतो. बिनअटीचे दहा हजार तिथं कामी येतात. शिवाय तुम्हाला दरवर्षी थांबायची मोकळीक राहते, हेही काही कमी नाही.

बाहेरच्या पैशावर विसंबण्याचं काय होतं तेही दिसलंय. दिल्लीचं सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च 1973 पासूनचं, मोठं नाव. 2023 मध्ये त्याचा परदेशी निधीचा परवाना निलंबित झाला, जानेवारी 2024 मध्ये रद्द झाला. निर्णय बरोबर की चूक यावर तुमचं-माझं जमणार नाही, पण खूप माणसांना तिथून जावं लागलं हे खरं. गावागावांतून थोडं थोडं येत असेल तर एका सहीनं दुकान बंद होत नाही.

यावरून आठवलं, तुमचा आतेभाऊ अमेरिकेतून भर घालणार म्हणालात. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरली जाते, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी. अशा वेळी परदेशी निधीचा परवाना असलेल्या संस्थेलाच, तिच्या त्यासाठीच्या खात्यावरच पैसे जायला हवेत. हे त्याला आधी विचारा. यात संस्थेची मान अडकते, त्याची नाही.

भावाची समजूत काढायची तर सगळंच संस्थेला देऊ नका. पाच-दहा हजार सभामंडपाला द्या, तेवढे संस्थेच्या हप्त्यांतून कमी करा, पाटी लागू द्या. बाबा शिक्षक होते, तेव्हा संस्थेला पत्र लिहिताना एक विनंती करा: अहवालाचा मराठी सारांश तुमच्या ग्रामपंचायतीला आणि शाळेला पाठवा म्हणावं. ही अट नाही, विनंती. बऱ्याच संस्था इंग्रजीत लिहून मोकळ्या होतात, कुणी मागतच नाही म्हणून.

पैसे तुमच्या खात्यातून एनईएफटीनं पाठवा, सोबत पॅन कळवा. पावती ज्याचा पॅन त्याच्याच नावानं निघते, बाबांचं नाव 'यांच्या स्मरणार्थ' म्हणून खाली लिहून मागा, देतात. जुन्या प्रणालीत असाल तर 31 मार्चच्या आत पाठवा आणि नंतर संस्थेकडून देणगीचं 10बीई प्रमाणपत्र मागायला विसरू नका, नुसत्या पावतीवर आता वजावट मिळत नाही. कोणत्या संस्थेचा अहवाल वाचताय ते इथं लिहा. प्रश्नावली जोडलेली असेल तर तीही टाका, इथले कास्तकार मिळून वाचतील.