३.७ व्होल्टच्या सेलवर १२ व्होल्टचा फवारणी पंप चालेल का?

भाऊ, तुम्ही पॉवर बँकेतले चार सेल पॅरललमध्ये जोडले, पुढे बूस्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) लावला, मीटरवर १२ व्होल्ट दिसले. पण पंपाचं बटण दाबलं की मोटर नुसती गुरगुरते आणि व्होल्टेज खाली बसतं. म्हणून व्होल्टेजसोबत करंटही वाढवणारं सर्किट तुम्ही विचारलंय.

तसं सर्किट मिळणार नाही. बूस्टर वॅट (व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे एकूण ताकद) तयार करत नाही, आहे तेवढेच वॅट वेगळ्या रूपात देतो. विहिरीवरची तीच पाच एचपीची मोटर जास्त उंचीवर पाणी चढवायला लावली की धार कमी होते, तसंच हे.

हिशोब करून बघा. मोटर १२ व्होल्टवर ३ अँपिअर घेत असेल तर ३६ वॅट झाले. बूस्टरमध्ये १५ टक्के उष्णतेत गेले असं धरलं, तर सेलकडून ४२ वॅट ओढावे लागतात. ३.७ व्होल्टवर म्हणजे जवळपास साडेअकरा अँपिअर! सेल उतरत जातील तसा हा आकडा आणखी वाढतो, आणि सुरू होताना मोटर याच्या कितीतरी पट मागते ते वेगळंच.

बाजारात एक्सएल६००९ या चिपचं बूस्टर मॉड्यूल ‘४ अँपिअर’ म्हणून विकतात. ते ४ अँपिअर आतल्या स्विचचे, म्हणजे सेलकडच्या बाजूचे. १२ व्होल्टला त्यातून जेमतेम एक अँपिअर निघेल. शिवाय सेल होल्डरची स्प्रिंग आणि बारीक वायर मिळून ०.०५ ओहम जरी झाले, तरी साडेअकरा अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून जास्त तिथेच जातो. ३.७ मधला अर्धा व्होल्ट फार मोठा. तोच रेझिस्टन्स १२ व्होल्ट, ३ अँपिअरला फक्त ०.१५ व्होल्ट खातो.

तुम्ही म्हणाल, रानडुकरांसाठी लावतो ते झटका मशीन १२ व्होल्टवरून हजारो व्होल्ट कसं काढतं? ते सेकंदभर कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरतं आणि क्षणात रिकामा करतं. तेवढ्या क्षणापुरती ताकद मिळते. पंपाला ती सलग लागते.

म्हणून बूस्टर काढून टाका. व्होल्टेज हवं तर सेल सिरीजमध्ये (एकामागे एक), करंट हवा तर पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस). चारऐवजी सहा सेल घ्या, दोन-दोन सेल पॅरललमध्ये जोडून तीन जोड्या करा आणि त्या सिरीजमध्ये घ्या: ११.१ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर १२.६. सहाही सेल एकाच कंपनीचे, एकाच वयाचे हवेत. भंगारातले वेगवेगळे सेल मिसळू नका, कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि मग धोका सुरू होतो. सिरीजमधल्या तीन जोड्यांसाठीचा (३एस), निदान १५ अँपिअरचा बीएमएस (सेलचं संरक्षण करणारं सर्किट) घ्या, चार्जर १२.६ व्होल्टचा. सेलला थेट सोल्डर करू नका, निकेल पट्टी स्पॉट वेल्डिंग करून घ्या. २५०० एमएएचचे सेल असतील तर ३६ वॅटला दीड तासाच्या आत-बाहेर फवारणी होईल.

पंपाला रेग्युलेटर असेल तर तो कमीवर ठेवूनच सुरू करा, सुरुवातीचा झटका कमी बसतो. आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या उन्हात हे पॅक पत्र्याच्या शेडमध्ये चार्ज करू नका. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा तिथे जातो. रात्री घरात, डोळ्यांसमोर लावा, आणि पॉझिटिव्हच्या वायरीत सेलजवळच १० अँपिअरचा फ्यूज टाका.