पित्तनळीत खडा अडकलाय, माळ घालून कावीळ उतरेल का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आमच्या आप्पांना (वय ६४) शेवभाजी, तर्रीचं काही खाल्लं की रात्री उजव्या बरगडीखाली दुखायचं, आम्ही गॅस गॅस म्हणत राहिलो. आता डोळे पिवळे, लघवी गर्द, शौच पांढुरकी आणि खाज एवढी की झोप नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले आणि पित्तनळी फुगलीय म्हणे. आधी एमआरसीपी आणि मग ईआरसीपी करा असं सांगितलंय, त्यासाठी नाशिकला जावं लागेल. घरात सगळे म्हणतात माळ घाला, उतरेल. दोन दोन तपासण्या खरंच लागतात का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : आधी माळेचं सांगतो. व्हायरसची कावीळ, म्हणजे हेपटायटिस ए किंवा ई, बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि नाव माळेचं होतं. आप्पांची कावीळ त्यातली दिसत नाही. लिव्हर पित्त बनवतंय पण ते आतड्यात उतरत नाहीये, ठिबकच्या नळीत कचरा अडकावा तसं, म्हणून शौच पांढरी आणि खाज. काविळीवर पाजतात ते गावठी औषध तर अजिबात नको, आधीच त्रासलेल्या लिव्हरवर आणखी भार कशाला.

आता दोन तपासण्यांचं. सोनोग्राफीला पित्ताशयातले खडे छान दिसतात पण पित्तनळीचा खालचा भाग आतड्यातल्या गॅसमागे लपतो, म्हणून नळी फुगलेली कळली तरी खाली खडा आहे, नळी आकसलीय की स्वादुपिंडात गाठ आहे हे नक्की सांगता येत नाही. ते एमआरसीपीत बरंच स्पष्ट होतं. तो एमआरआयच आहे, रेडिएशन नाही, दुखत नाही, पण तो फक्त फोटो काढतो. पेसमेकर असेल तर आधी सांगा.

ईआरसीपी म्हणजे उपचार. गुंगी देऊन तोंडातून दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीला नेतात, पित्तनळीच्या तोंडातून औषध सोडून एक्स-रेवर खडा बघतात, नळीचं ते तोंड थोडं कापून फुग्याने किंवा बास्केटने खडा ओढून काढतात. पोटावर टाका नाही. पण धोका आहे, आणि तो लपवू नये : साधारण शंभरात ३ ते १० जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते, बहुतेकांची सौम्य असते, कधी रक्तस्राव किंवा इन्फेक्शन होतं. म्हणूनच नुसतं बघायला ईआरसीपी करत नाहीत, आधी फोटो काढतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा, मनाने बंद करू नका.

आणि हे घरात सगळ्यांना वाचून दाखवा : थंडी वाजून ताप आला, पोट दुखायला लागलं, आप्पा बडबडायला लागले किंवा गळून गेले, तर नाशिकच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, रात्र असली तरी जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. अडकलेल्या पित्तात इन्फेक्शन झालं तर ते तासांत रक्तात पसरू शकतं.

खर्चासाठी रेशन कार्ड आणि आधार सोबत घ्या, महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्रांना विचारा.

खडा निघाला की खूप लोक केळी कापणीला लागतात आणि पित्ताशयाचं राहून जातं. तिथून पुन्हा खडा घसरू शकतो, त्यामुळे तब्येत सावरली की दुर्बिणीने पित्ताशय काढायचं सर्जनशी ठरवून टाका. नळीत प्लास्टिकचा स्टेंट (पित्ताची वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी) ठेवला असेल तर तो साधारण ३ महिन्यांत काढावा लागतो, नाहीतर तोच तुंबतो आणि परत ताप, परत कावीळ. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख लिहून घेतल्याशिवाय आप्पांना घरी आणू नका.