मोठा मील प्लॅन घेऊ नको, तिथे खाडा मिळत नाही

तू विचारलंयस की ऑगस्टला एमएससाठी अमेरिकेत चाललोय, युनिव्हर्सिटीचा मील प्लॅनचा, म्हणजे कॅम्पसवरच्या डायनिंग हॉलमधल्या जेवणाचे पैसे आगाऊ भरायचा, मेल आलाय, जुलैअखेर उत्तर द्यायचंय, बाबा म्हणतात सगळ्यात मोठा घे उगाच जेवणाचे हाल नकोत, आणि आई विचारते तिकडे मासे मिळतात का. शेवटचं वाचून हसले रे, माझ्या आईनेही व्हिसाच्या आधी हेच विचारलेलं.

मी मालवणची, 2017 ला आले, मिडवेस्टमधल्या एका छोट्या गावात एमएस केलं. एक सेमिस्टर मील प्लॅनवर जेवले आणि नंतर वर्षभर त्याच डायनिंग हॉलमध्ये काम केलं, त्यामुळे ताट घेणारी आणि ताट धुणारी दोन्ही मीच, म्हणून जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बस.

आधी डोक्यातून खानावळ काढून टाक. रत्नागिरीला डिप्लोमाला होते तेव्हा मारुती मंदिरकडे एका काकूंकडे मेंबर होते, महिन्याचे पैसे आगाऊ द्यायचे पण शिमग्याला घरी जायचं असलं की आदल्या दिवशी सांगायचं, वहीत खाडा पडायचा आणि तेवढे दिवस पुढे सरकायचे. इथे खाडा नाही. तू आजारी पड, लॅबमध्ये अडक, बाहेर बर्फ पडतोय म्हणून खोलीत मॅगी खा, ते जेवण गेलं ते गेलं. एवढी एक गोष्ट मला तेव्हा कुणी सांगितली असती तर बाबांचे बरेच पैसे वाचले असते.

प्रकार साधारण असे असतात. कार्ड एकदा स्वाइप केलं की तू आत, मग पाहिजे तेवढं खा, त्याला एक स्वाइप म्हणतात. अनलिमिटेड म्हणजे दिवसातून कितीही वेळा जा. आठवड्याला 10 किंवा 14 वाला असतो, त्यातले उरलेले बहुतेक ठिकाणी आठवडा संपला की बाद. आणि ब्लॉक म्हणजे पूर्ण सेमिस्टरला 25, 50, 100, 150 असे, कधीही वापर, पण सेमिस्टर संपलं की तेही बाद. याशिवाय डायनिंग डॉलर्स म्हणून थोडे पैसे कार्डावर टाकतात, ते कॅम्पसवरच्या कॉफीच्या दुकानात वगैरे चालतात, काही युनिव्हर्सिट्यांत ते फॉलमधून (ऑगस्ट ते डिसेंबरचं सेमिस्टर) स्प्रिंगला (जानेवारी ते मे) पुढे जातात, काहींत नाही. नावं प्रत्येक ठिकाणी वेगळी असतात पण गंमत तीच.

माझ्या बाबांनीही तुझ्या बाबांसारखंच केलं. 150 चा ब्लॉक, 1,700 डॉलरच्या आसपास, म्हणजे एक जेवण सव्वाअकरा डॉलरला पडलं, तेव्हाही वाटलं ठीक आहे बाहेर जेवलो तर एवढे होतातच. डिसेंबरमध्ये मोजलं तर मी 87 वापरले होते. 63 तसेच. म्हणजे जी जेवले ती प्रत्येकी साडेएकोणीस डॉलरला पडली, आणि वाया गेलेले तेव्हाच्या 64 च्या भावाने 45,000 रुपयांच्या वर. तेवढ्यात काकूंकडे दोन वर्षं जेवले असते, रविवारच्या चिकनसकट. हे घरी अजून सांगितलेलं नाही.

का उरले म्हणशील तर आळस म्हणून नाही. डायनिंग हॉलचं रात्रीचं जेवण पाचला सुरू आणि आमच्याकडे साडेसातला बंद, शनिवार-रविवारी तर सकाळचा नाश्ता नाहीच, अकरा साडेअकराला ब्रंच. मला पाचला भूक लागत नव्हती, पाच ही आपली चहा आणि खारी बिस्किटाची वेळ. आणि मंगळवार-गुरुवारी क्लास संपायचा सात चाळीसला. मग नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आला की थँक्सगिव्हिंग, सगळी अमेरिकन पोरं घरी, हॉलला कुलूप, आपण कुठे जाणार? आपण खोलीत. स्प्रिंगचा प्लॅन असता तर मार्चमध्ये स्प्रिंग ब्रेकला तेच, आणि त्याआधी जानेवारीत उणे पंधरा डिग्रीत बारा मिनिटं चालत जेवायला जाणं म्हणजे काय ते आपल्या कोकणातल्या माणसाला सांगून नाही कळत, आपण भर पावसात छत्री उलटी होईपर्यंत चालू, पण ते वेगळं.

सेमिस्टरच्या शेवटच्या रात्री लायब्ररीच्या तळघरातल्या दुकानात उरलेले डायनिंग डॉलर्स संपवायला गेले तर अर्धं कॅम्पस तिथेच. चिप्स नाहीत, चॉकलेट नाही, दूधसुद्धा नाही, फळ्या पुसून नेल्यासारख्या रिकाम्या. माझे 38 डॉलर उरलेले, त्यात पाण्याच्या बाटल्यांची तीन खोकी आणि स्ट्रॉबेरीचे पॉप-टार्ट्स घेतले आणि बर्फातून दोन फेऱ्या मारून खोलीवर नेले. नळाला चांगलं पाणी येतं इथे. रूममेटने विचारलं की हे काय, तर म्हटलं दुष्काळ येणारे.

आता मुद्द्याचं. पहिल्या वर्षाची बॅचलरची पोरं डॉर्ममध्ये म्हणजे कॅम्पसच्या हॉस्टेलात राहतात, त्यांना बहुतेक युनिव्हर्सिट्यांत प्लॅन घ्यावाच लागतो. एमएसवाल्यांना सहसा सक्ती नसते, पण मेल सगळ्यांना सारखाच येतो आणि भाषा अशी असते की वाटतं घेतला नाही तर ॲडमिशन जाईल. तुझी खोली कुठल्या हाऊसिंगमध्ये आहे ते बघ, किचन असलेलं अपार्टमेंट असेल तर शक्यतो सक्ती नसते, तरी हाऊसिंगच्या करारात एकदा वाच. आणि बाबांना आय-20 वरचा (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी पाठवते तो कागद) राहण्या-जेवणाचा आकडा दिसला असणार, म्हणून ते घाबरलेत. तो अंदाज असतो रे, एवढे पैसे तुझ्याकडे आहेत हे दाखवायला. तो आकडा म्हणजे बिल नव्हे.

पोरांची मतं विचारशील तर कुणाला विचारतोस त्यावर आहे. पहिल्या वर्षाची पोरं सप्टेंबरमध्ये खूश असतात, वॉफल मशीन आहे, सॉफ्ट सर्व्ह आइस्क्रीम आहे, तिसऱ्यांदा पिझ्झा घेतला तरी कोणी विचारत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तीच पोरं मेन्यू वाचून नाक मुरडतात कारण तीन-चार आठवड्यांनी तेच फिरून येतं. दुसऱ्या वर्षाच्यांना विचारशील तर ते सरळ पैशाचा हिशोब मांडतात. आणि आपली देशी एमएसची पोरं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी घेतलेलाच नसतो, ते कुणाच्या तरी गेस्ट स्वाइपवर, म्हणजे प्लॅनवाल्याला पाहुण्यासाठी मिळणाऱ्या स्वाइपवर येतात आणि दोन दिवसांचं जेवून जातात. मी काम करायचे तेव्हा असा एक मुलगा होता, तेलुगू, दर शुक्रवारी वेगळ्या मित्राबरोबर यायचा, आम्ही त्याला जावईबापू म्हणायचो.

जागेजागेचा फरकही मोठा असतो हे मात्र खरं. मॅसॅच्युसेट्समधली यूमास ॲमहर्स्ट युनिव्हर्सिटी प्रिन्स्टन रिव्ह्यूच्या (कॉलेजांचे क्रमांक लावणारी कंपनी) कॅम्पस जेवणाच्या यादीत कित्येक वर्षं पहिली आलेली आहे, तिथे जेवणाचं खातं युनिव्हर्सिटी स्वतः चालवते. बऱ्याच ठिकाणी सोडेक्सो, अरामार्क, चार्टवेल्स अशा मोठ्या कंपन्यांना कंत्राट दिलेलं असतं. कंत्राट म्हणजे वाईट असं काही नाही, पण तुझ्या युनिव्हर्सिटीत कोण चालवतं आणि या आठवड्याचा मेन्यू काय ते वेबसाईटवर आत्ता बघता येतं, तेवढं कर. वेळापत्रकही बघ, मेन्यूपेक्षा तेच जास्त महत्त्वाचं, शनिवार-रविवारचं खास बघ.

खाण्याचं म्हणशील तर सकाळचं चांगलं. अंडी, फळं, ओट्स, दही. रात्रीचं चिकन कोरडं, भाजी उकडलेली, मीठ तुझं तू घाल. महिन्यातून एकदा 'इंडियन नाईट' असायची तेव्हा टिक्का मसाला म्हणून जे यायचं त्यात दालचिनी इतकी की मला वाटायचं चुकून ॲपल पाय केलाय.

शिवराक म्हणजे शाकाहारी खायचं असेल त्या दिवशी मात्र डोळे उघडे ठेव. त्या वर्षी गणपती 25 ऑगस्टला होते, शुक्रवार होता, मला येऊन दोन आठवडे पण झाले नव्हते. सकाळी घरी व्हिडिओ कॉलवर आरती केली, माटवी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बघितली, आईने मोदक कॅमेऱ्यासमोर धरले, आणि दुपारी मी डायनिंग हॉलला गेले. एका भांड्यात राजम्यासारखं काहीतरी तपकिरी दिसलं, गोडसर वास, म्हटलं चला आज कडधान्य. भात घेतला, त्यावर ते ओतलं, तीन घास खाल्ल्यावर दाताखाली काहीतरी चिवट आलं. परत जाऊन भांड्यापुढचं कार्ड वाचलं तर बेक्ड बीन्स, आणि खाली बारीक अक्षरात पोर्क. गणपतीच्या दिवशी! ताट तसंच उष्टी ताटं नेणाऱ्या फिरत्या पट्ट्यावर ठेवून बाहेर आले आणि बाकावर बसून रडले, थोडी डुकरासाठी आणि बरीचशी घरासाठी. तेव्हापासून कार्ड वाचल्याशिवाय डाव उचलत नाही. कार्डावर व्हेज, व्हीगन, हलाल अशा खुणा असतात, ॲलर्जीचे पदार्थ लिहिलेले असतात. पेपरोनी म्हणजे मिरची नव्हे. भाजीच्या सूपला चिकनचं पाणी असू शकतं, मेक्सिकन रिफ्राईड बीन्समध्ये कधी डुकराची चरबी असते. शंका आली तर आतल्या शेफला बोलवायला सांग, येतात आणि नीट सांगतात, लाजू नको.

आता आईचा प्रश्न. डायनिंग हॉलमधला मासा म्हणजे तिलापिया नाहीतर पोलॉक, पांढरा, काटा नाही, डोकं नाही, वास नाही, त्याला मासा म्हणणं म्हणजे उपकार. पण गावात चायनीज किंवा कोरियन दुकान असेल तर तिथे अख्खा मॅकरेल मिळतो, आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, जरा जास्त तेलकट, चालतो. इंडियन किंवा बांगलादेशी दुकानात फ्रोझन सुरमईचे तुकडे आणि पापलेट. आणि माशात घालायची तिरफळं संपली की चायनीज दुकानातलं सिचुआन पेपर घे, तिरफळाच्याच कुळातलं आहे, मी बांगड्याच्या तिखल्याला तेच घालते आणि आईला सांगत नाही. (लिंबूवर्गाच्या रोगाच्या भीतीने अमेरिकेने ते 1968 पासून 2005 पर्यंत आणूच दिलं नव्हतं, आधीच्या कोकण्यांचं कसं भागलं असेल देव जाणे.)

बॅगेत तांदूळ आणू नको, भारतातला चालत नाही, खापरा भुंग्याच्या भीतीने काढून घेतात, आणि उकड्याचा हट्ट असेल तर इथे पॅराबॉइल्ड मिळतो, पेज होते त्याची. ताजा कढीपत्ता नको, आंबा तर नकोच, हापूस 2007 पासून इथे येतो पण विकिरण करून, रीतसर पेट्यांतून, तुझ्या बॅगेतून नाही. मी कुळथाचं पीठ, मालवणी मसाला आणि आमसुलं आणते, विमानतळावर कस्टम्सला खाण्याचं सामान आहे म्हणून सरळ सांगते, मला आजवर कुणी अडवलेलं नाही. कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते, लॅबवरून नऊला आलास तरी, आणि तिच्यापुढे कुठलाही मील प्लॅन फिका.

तर घ्यायचा का? मी म्हणेन 25 किंवा 50 चा ब्लॉक घे, त्याहून मोठा नको. अजिबात घेऊ नको असं नाही म्हणणार, कारण पहिले पाच-सहा आठवडे भांडी नसतात, कुकर नसतो, गाडी नसते, रूममेटशी भांडी कुणी घासायची यावर ठरलेलं नसतं, तेव्हा दुपारी एक गरम ताट समोर येणं फार मोठं असतं. शिवाय माझी लॅबमधली पहिली मैत्रीण तिथल्या रांगेतच भेटली. फक्त आलास त्या दिवशी हॉल उघडा असेल असं धरू नको, क्लासेसच्या आधी बऱ्याचदा बंद असतो, दोन दिवसांचं कोरडं खाणं हाताशी ठेव. आणि दोन गोष्टी मेल करून विचार, प्लॅन बदलायची शेवटची तारीख काय (बहुतेक पहिल्या एक-दोन आठवड्यांत असते) आणि स्प्रिंगला तो आपोआप लागू होतो का.

पैशाची ओढ असेल तर तिथेच कामाला लाग. एफ-1 वर (तुझा स्टुडंट व्हिसा) टर्म चालू असताना आठवड्याला 20 तास कॅम्पसवर काम करता येतं आणि डायनिंगवाल्यांना कायम माणसं हवी असतात. आमच्याकडे शिफ्टला एक जेवण फुकट होतं, म्हणजे जे मी साडेएकोणीसला खाल्लं तेच. मी भांडी धुण्याच्या खोलीत होते, केसांना जाळी, न घसरणारे बूट, समोर पट्टा फिरतोय आणि त्यावरून ताटं येतायत, अख्खा बर्गर न चावलेला, सोललेलं पण न खाल्लेलं केळं, भाताचा डोंगर. पहिले दोन दिवस मला ते कचऱ्यात लोटवेना. आजी शीत सांडलं तरी उचलायला लावायची. मग सवय होते, ती झाली याचंही वाईट वाटतं.

आणि हो, महिनाअखेरीला हात आखडला तर कॅम्पसवर फूड पँट्री (विद्यार्थ्यांना फुकट किराणा देणारी जागा) असते का बघ, मिशिगन स्टेटला तर विद्यार्थ्यांनी 1993 मध्येच चालू केली होती, आता पुष्कळ ठिकाणी आहेत, आयडी दाखवून डाळीचे डबे, पास्ता, भाजी मिळते, आपली पोरंही जातात, त्यात कमीपणा नाही.

बाबांना एवढं सगळं वाचून दाखवू नको, कंटाळतील. फक्त आय-20 चा आकडा आणि खाड्याचं सांग, खाडा म्हटलं की त्यांना लगेच कळेल. नाहीच पटलं तर रविवारी तुमच्या रात्री नऊनंतर फोन लाव आणि त्यांच्या हातात दे, मी बोलते. 63 चं मात्र काढू नको त्यांच्यासमोर, मालवण काही तुमच्यापासून लांब नाही.