पालकांच्या हातात वही द्या

प्रिय मुली,

शाळेच्या पालक मेळाव्याला पाहुणे म्हणून नगरसेवक बोलवावेत की निवृत्त अधिकारी, गॅदरिंगची दोन नृत्यं पुन्हा बसवावीत का, शाल-श्रीफळाचा खर्च कुणी करायचा, यावर तू चार पानं लिहिलीस. पोरांच्या वह्यांबद्दल एक ओळ नाही! अगं, पालक येतात ते आपल्या लेकराचं काय चाललंय ते बघायला. त्यांच्या हातात वही दे.

दिवसाबद्दलचा तुझा गोंधळ मात्र खरा आहे. बुधवार नको. त्या दिवशी नाशिकला गोदाकाठी बाजार भरतो, भाजी विकणाऱ्या आया अंधार पडेपर्यंत तिथून उठत नाहीत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सेकंड शिफ्टला असलेले वडील संध्याकाळी सातला येऊच शकत नाहीत, त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग उघडा ठेव. फेब्रुवारी-मार्चचं तर नावच काढू नकोस. मखमलाबाद, दिंडोरीकडे द्राक्षांची काढणी चालू असते, मजुरी बुडवून कोण भाषणं ऐकायला येईल? ऑगस्टमध्ये घे. पहिली चाचणी झालेली असते आणि कच्च्या पोराला हात द्यायला पुढे सगळं वर्ष पडलेलं असतं.

आईला वाचता येत नसेल तर वही देऊन काय करू, असं तू विचारशीलच. मूल शेजारी उभं राहील आणि आपलं पान तिला वाचून दाखवेल. अडखळलं तर अडखळू दे, मध्ये शब्द पुरवू नकोस. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट २०२१ पासून आपण तक्त्यांवर लिहितोय. तक्त्यावरची टक्केवारी आईच्या डोक्यावरून जाते. आपलं पोर कुठं अडतंय, ते तिला तिथल्या तिथं कळतं. मग विचार तिला: घरी कुणाजवळ बसतो, झोपतो कधी, कशाला घाबरतो? आणि गप्प बसून ऐक. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत असं सांगितलं, तरी आपण त्यांना अजून मागच्या सतरंजीवर बसवून सूचना देतो. याची मला चीड येते.

मला हट्टी म्हणायचे. एका शाळेत बाहेर व्यासपीठावर सत्कार चालले होते, तेव्हा मी वर्गात बाकांवर वह्या मांडून बसले. पालक एकेक करून उठून आत आले. वरिष्ठांनी त्याला शिस्तभंग म्हटलं. म्हणोत. मी तेव्हाही बरोबर होते, आज वेळ आली तर तेच करीन.

घाबरू नकोस, बाळा. पहिल्याच वर्षी एवढी जबाबदारी अंगावर पडली की झोप उडते, मला माहीत आहे. पण हार-तुऱ्यांचा खर्च आधी काट. कुणाचेही गुण सगळ्यांसमोर वाचू नकोस. प्रत्येक पालकाला दहा मिनिटं मिळतील अशा वेळा ठरव, त्या चिठ्ठीवर लिहून मुलांबरोबर घरी पाठव आणि वही दे. मुख्याध्यापकांना पाहुणे हवेच असतील तर त्यांनाही एका बाकावर बसव आणि एका मुलाचं वाचन ऐकायला लाव.

वेळांचा तक्ता झाला की मला पाठव.

तुझ्या बाई