आधी प्रोब घाल, मग बोल

अगं, तुझा मेसेज काल रात्री पावणेबाराला आला आणि मी तो आज सकाळी चहा घेताना तीनदा वाचला. उत्तर टाइप करायला घेतलं पण दोन ओळींत मावेना, म्हणून असं सविस्तर लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

तुझा प्रश्न मला कळला. क्लिनिकचे सर म्हणतात पेशंटला हार्ट अटॅकची भीती घाल म्हणजे तो स्केलिंगला, दातांवरचा थर काढून घ्यायला, हो म्हणेल, वर तो लाळेच्या मायक्रोबायोम टेस्टचा, म्हणजे लाळेत कोणते जिवाणू आहेत ते सांगणारा, किट पण घ्यायला लाव, आणि इकडे तुझ्या बॅचमधले सगळे दात सरळ करणाऱ्या अलाइनर ट्रेकडे आणि स्माइल डिझाइनकडे गेलेत, तर आपण हिरड्या करत बसण्यात अर्थ आहे का. आणि मग अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं, तो हिंजवडीचा ३८ वर्षांचा पेशंट. अंगानं बारीक, वर्षात तिसऱ्यांदा हिरडीत पू, दर वेळी वेगळ्या दाताला, आणि सरांनी अँटिबायोटिक लिहून घरी पाठवला. तू हे सहज लिहिलंस गं, पण मला बाकीचं काही दिसेचना त्यानंतर.

त्याच्या पॉकेटचे, म्हणजे दात नि हिरडीमधल्या फटीच्या खोलीचे, आकडे कुठेयत? घेतले का कुणी? प्रत्येक दाताला सहा ठिकाणी प्रोब, ती मिलिमीटरच्या खुणांची बारीक सळी, तीन गालाकडून तीन जिभेकडून, २८ दात धरले तर १६८ आकडे. घेतले नसतील हे मला माहितीय, कारण घेतले असते तर तू मला हार्ट अटॅकबद्दल विचारलं नसतंस, त्याच्याबद्दल विचारलं असतंस.

चिडून लिहितेय असं वाटेल. त्यामागे माझी एक जुनी गोष्ट आहे, ती सांगते.

माझा थोरला भाऊ, दादा. आम्ही कसब्यातल्या वाड्यात वाढलो, तो शेवटपर्यंत तिथेच राहिला. काटकुळा माणूस, रोज पहाटे पर्वती चढायचा, गोड फारसं खायचा नाही. १९९८ ला त्याच्या हिरडीला पहिल्यांदा गळू आलं. माझ्या बिबवेवाडीच्या क्लिनिकवर संध्याकाळी उशिरा आला, मी चीर देऊन पू काढला, अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल दिलं, वहिनीसाठी डबा दिला, झालं. चौदा महिन्यांत असं तीनदा झालं, तीन वेगळ्या दातांना. तिन्ही वेळा मी हेच केलं. बाहेरच्या प्रत्येक पेशंटचा मी केसपेपर करायचे, दादाचा कधी केलाच नाही, घरचा माणूस म्हणून. चार्टिंग नाही, आकडा नाही, साधी एक शुगर नाही. पुढे चष्म्याचा नंबर बदलायला गेला तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्यावर रक्तस्राव दिसला, त्यांनी शुगर करायला लावली, ३४० निघाली. डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलीच. दादा मला कधी एका शब्दानं बोलला नाही. वहिनी एकदाच म्हणाली, तू तर आठवड्याला त्याच्या तोंडात बघत होतीस ना.

एकामागून एक वेगवेगळ्या दातांना गळू होत असेल तर आधी शुगरची शंका घ्यायची हे मी थर्ड इयरला परीक्षेत लिहिलेलं होतं. पण समोर बारीक माणूस होता. आणि बारीक माणूस बघून आपल्या डोक्यात डायबेटिस येतच नाही, तेव्हाही नाही, आताही नाही. याच पुण्यात केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आयुष्य घालवलं यावर. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला दोघंही सडपातळ. वजनकाटा आणि आरसा दोन्ही आपल्या लोकांच्या बाबतीत फसवतात, आणि हे ज्या शहरात शोधलं गेलं त्याच शहरात माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत मी फसले.

म्हणून सांगते, आधी प्रोब घाल. नुसतं बघून ठरवू नकोस. हिरडी वरून छान गुलाबी असते आणि खाली सात मिलिमीटरचं पॉकेट असतं, मी हजारदा बघितलंय.

आता त्या मायक्रोबायोमच्या किटबद्दल. तोंडात ७०० च्या वर प्रकारचे जिवाणू सापडलेत आणि त्यातले वाईट म्हणतो ते पण निरोगी माणसाच्या तोंडात थोडेफार असतातच. त्यामुळे लाळेत अमुक जंतू सापडला म्हणून रंगीत रिपोर्ट हातात दिला तर पेशंट घाबरतो, आणि पुढे काय करायचं ते तुलाही कळत नाही नि त्यालाही. हिरडीच्या आजाराचं निदान आजही प्रोब आणि एक्सरे यावरच होतं. जंतू बाहेरून येऊन हल्ला करतात असं नाहीये, वस्ती बदलते. हिरडीच्या कडेला दातावर प्लाक, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, साचला की हिरडी सुजते, फट खोल होते, आत ऑक्सिजन पोचत नाही, मग ज्यांना ऑक्सिजन नको ते वाढतात. आणि पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या त्यातल्या एका जंतूला तर वाढायला रक्तातलंच लोह लागतं, म्हणजे हिरडीतून रक्त आलं की त्याला आयतं जेवण. सूज जंतूंना पोसते नि जंतू सुजेला.

मुठेवरची जलपर्णी बघितलीयस ना? मशीन लावून काढतात, औषध मारतात, पुढच्या उन्हाळ्याला परत नदीभर हिरवंगार. कारण सांडपाणी येतच असतं. आतली घाण न काढता नुसत्या अँटिबायोटिकवर पेशंट घरी पाठवणं म्हणजे हेच. माझ्या हातून तीनदा झालंय हे, म्हणून तोंड वर करून सांगू शकते.

हे उलटंही तितकंच खरं आहे, सांडपाणी थांबलं की वस्ती आपोआप सुधारते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो यांनी १२ निरोगी जणांना दात घासणं बंद करायला लावलं, दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, परत घासायला लागल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. साधा ब्रश. त्याचं कुणी वर्कशॉप घेत नाही.

हार्ट अटॅकचं भय मात्र घालू नकोस, माझ्या नावानं तर अजिबात नको. हिरडीचा आजार आणि हृदयविकार एकत्र जास्त दिसतात हे खरंय, पण अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ सालीच सगळे पुरावे तपासून सांगितलं की एकामुळे दुसरं होतं हे सिद्ध झालेलं नाही, आणि हिरडी बरी केल्यानं अटॅक टळतो याचाही पुरावा नाही. आपल्या धंद्यानं ही चूक एकदा करून झालीय. १८९१ ला मिलर या दंतवैद्यांनी तोंडातल्या जंतूंमुळे बाकीच्या शरीरात आजार होतात असं मांडलं, आणि १९१० नंतरची दोन-तीन दशकं, सांधे दुखतायत काढा दात, मन ठिकाणावर नाही काढा दात, असे चांगले दात काढले लोकांचे. मग जेव्हा ते सगळं खोटं ठरलं तेव्हा त्यातलं खरं होतं तेही पन्नास वर्षं कुणी ऐकून घेईना. जास्त बोललं की हे होतं.

शुगरचं मात्र ठामपणे बोल, तिथे पुरावा आहे. शुगर जास्त असली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत आणि जखम भरत नाही, आणि हिरडीतली सूज रक्तात जे सोडते त्यानं इन्सुलिनचं काम बिघडतं. दोन्हीकडून फास. हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा, साधारण ०.४ टक्क्यानं उतरतं, जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात आहे. एखादी जास्तीची गोळी चालू केल्यावर जेवढा फरक पडतो त्याच्या आसपासचा हा फरक आहे, आणि पुण्यातले किती फिजिशियन पेशंटला विचारतात गं, की ब्रश करताना रक्त येतं का? आणि आपण तरी किती जणांना विचारतो, शेवटची शुगर कधी केली? दोघं आपापल्या खोलीत बसून एकाच माणसाचे तुकडे बघतो.

विचारायचं पण नीट विचारायचं. मार्केट यार्डात काम करणाऱ्या एक मावशी यायच्या माझ्याकडे, हिरड्या पार खाली उतरलेल्या, गालाच्या आतून पांढरट चट्टा. तंबाखू खाता का विचारलं की "नाय ओ बाई, आपल्यात नाय चालत." दोन व्हिजिट मी ते खरं धरलं. तिसऱ्यांदा सहज विचारलं, मावशी, दात कशानं घासता? त्यांनी कमरेच्या पिशवीतून चपटी डबी काढली, झाकण उघडलं, तर्जनी आत बुडवली नि मला दाखवलं, काळी भुकटी. मशेरी. दिवसातनं पाच वेळा. भाजलेला तंबाखूच की तो! पण त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांच्या लेखी ते दात घासणंच होतं. आपल्या फॉर्मवर तंबाखू, सिगारेट, दारू असे चौकोन असतात, मशेरीचा चौकोन नसतो. आणि सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं हे तुला माहितीय, म्हणजे जिथे आजार सगळ्यात जास्त तिथे ती खूणच दबते. म्हणून परत तेच, प्रोब घाल. माणूस सांगायचं विसरतो, रक्त पण कधी दगा देतं, मिलिमीटर देत नाही.

आणि हो, क्लोरहेक्झिडिन माउथवॉशची बाटली सगळ्यांना वर्षभर लिहून देणं बंद कर. सर्जरीनंतर दोन आठवडे ठीक. जिभेवरचे जिवाणू पालकातलं, बिटातलं नायट्रेट बदलून देतात आणि त्यापासून रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड बनतं. २०१३ ला १९ निरोगी लोकांना सात दिवस असा माउथवॉश दिला तर बीपी २ ते ३.५ नं वाढलं. छोटा अभ्यास आहे, पण सगळे जंतू मारायचे नसतात एवढं त्यातून समजतं.

आता करिअरचं. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्यांच्या चार-चार खुर्च्या झाल्या, माझी पस्तीस वर्षं एकच. नव्या पेशंटला चाळीस मिनिटं देते म्हणून एक पार्टनर सोडून गेला, म्हणाला मॅडम आकडे लिहून ईएमआय भरता येत नाही. घरात पण ऐकलं. तू म्हणशील तुम्हाला परवडलं, आमचं कर्ज कोण फेडणार, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. अलाइनर कर ना, खुशाल कर, चांगलं काम आहे ते. पण ट्रे चढवायच्या आधी प्रोब घाल, सुजलेल्या हिरडीत दात हलवलेस तर हाड जाईल. माझा हट्ट तेवढाच आहे. आणि त्या पार्टनरचं चुकलंच होतं, मी आजही म्हणते. दादानंतर मी चार्टिंगशिवाय एकही पेशंट खुर्चीतून उठू दिला नाही, आणि त्या आकड्यांमागून शुगर तपासायला पाठवलेले, ज्यांना स्वतःला डायबेटिस आहे हे माहीतच नव्हतं असे ६३ लोक माझ्या वहीत आहेत. ६३. खुर्च्या नाही मोजल्या मी कधी.

असो. उद्या सकाळी क्लिनिक उघडल्यावर पहिलं काम, त्या हिंजवडीच्या पेशंटला फोन. उपाशीपोटी शुगर आणि एचबीएवनसी दोन्ही करून ये म्हणावं, आणि आईवडलांना डायबेटिस आहे का, रात्री लघवीला किती वेळा उठतो, वजन उतरलंय का, हे फोनवरच विचारून लिहून ठेव. हार्टबिर्टचं नाव काढू नकोस. सूज उतरली की बोलवून पूर्ण चार्टिंग, सहा ठिकाणी, सर कितीही घड्याळ बघू देत. विल्यम्स प्रोबवर ४ आणि ६ ची खूण नसते, घाईत तिथेच चुकतं, सावकाश वाच. रिपोर्ट आला की मला लगेच फोटो पाठव, रात्री कितीही वाजले तरी.