पाचवा महिना, अंगावरून पांढरं जातंय, वास येतोय. बाळाला धोका आहे का?

घाबरू नका, पण दुखणं अंगावरही काढू नका. पातळ, राखाडी-पांढरा स्राव आणि मासळीसारखा वास, तोही संबंधांनंतर जास्त, असं असेल तर बहुधा बॅक्टेरियल व्हजायनोसिस. योनीतले चांगले लॅक्टोबॅसिलस जंतू कमी झाले की तिथली आम्लता घटते (पीएच ४.५ च्या वर जातो) आणि बाकीचे जंतू माजतात. हा अस्वच्छतेचा आजार नव्हे. उलट आतून साबण-डेटॉलने धुतलं की आणखी बिघडतं (सासूबाई काहीही सांगोत). या आजाराचा मुदतीआधीच्या प्रसूतीशी संबंध दिसतो, म्हणून त्रास असेल तर औषध घ्यायचंच. डॉक्टर बहुतेकदा ७ दिवस मेट्रोनिडॅझोल देतात, ते गरोदरपणात चालतं. दादर स्टेशनबाहेरच्या केमिस्टकडून खाजेची ट्यूब आणू नका, ती बुरशीवरची. जवळच्या पालिका प्रसूतिगृहात दाखवा. पाणी गेलं, रक्त दिसलं, कळा किंवा ताप आला तर मात्र ओपीडीची वाट न बघता रात्रीसुद्धा निघा.